एका फळीचं इंग्रजी

मला फक्त एक फळी हवी होती. चार फूट लांब, वीतभर रुंद, साध्या लाकडाची. पॉलिश नको, रंग नको. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे माझी मागणी लोकांनी इतकी फुगवली की बस कचेरीतल्या एका बाईंचा समज झाला, मी उड्डाणपूल मागायला आले आहे.

आमच्या इमारतीच्या दारासमोरच बसचा स्टॉप आहे. एक लोखंडी खांब, त्यावर पाटी आणि शेजारी तीन फळ्यांचा बाक. त्यातली मधली फळी एका दुपारी माझ्याखालीच मोडली. आवाज एवढा मोठा झाला की समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला. "काही मोडलं का?" त्यानं विचारलं, आणि विचारताना बाकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. घरी सांगितलं तर आमचे हे वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "फळी जुनी होती. तिला दोष देऊ नकोस."

दोष कुणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न बसायचा होता. माझी थोरली बहीण तिथून सात स्टॉप पलीकडे राहते. वय शहाऐंशी. जिना उतरवत नाही, आणि गेल्या सहा वर्षांपासून ऐकू अजिबात येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मी रोज दुपारी चारला तिच्याकडे जाते. ती बोलते, मी पाटीवर खडूनं लिहून उत्तर देते, आणि दोन तास आम्ही मनसोक्त भांडतो. सत्तर वर्षांपूर्वी हरवलेल्या एका कंपासपेटीचा निकाल अजून लागलेला नाही. ताईचं म्हणणं, ती मी हरवली. भांडून झालं की जुन्या घरातल्या गोष्टी निघतात. आमच्या आईचा आवाज आठवणारी आता जगात दोनच माणसं उरली आहेत, आणि त्यातली एक बहिरी आहे. तेव्हा हे जाणं चुकवून चालत नाही.

बस मात्र लहरीप्रमाणे येते. कधी दहा मिनिटांत, कधी चाळीस. माझे गुडघे दहा मिनिटं उभे राहतात, अकराव्या मिनिटाला तक्रार करू लागतात. उरलेल्या दोन फळ्यांमधली फट अशी होती की बसलेला माणूस हळूहळू पर्ससारखा मिटत जाई. मी कंडक्टरला सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "आजी, माझ्या हातात तिकिटं आहेत, फळ्या नाहीत. कचेरीत लेखी द्या."

लेखी द्या! या दोन शब्दांनी माझी आठ दिवसांची झोप उडवली.

मी जिन्यातच हे बोलले असेन, कारण संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं होतं. पहिल्या मजल्यावरचे हेडसाहेब स्वतः चहाच्या वेळी आले. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यालाही वीस वर्षं झाली, पण ते अजून खुर्चीवर बसताना आधी ती स्वतःच्याच नावावर आहे ना असं बघितल्यासारखे बसतात.

"वहिनी, अर्ज कोणत्या भाषेत देणार?"

"आपल्याच. दुसऱ्या कुठल्या?"

हेडसाहेब हसले. डॉक्टर रोग्यानं स्वतःच औषध सुचवल्यावर हसतात तसं. "आपल्या भाषेत लिहिलं की लोक वाचतात. वाचलं की त्यांना प्रश्न पडतात. प्रश्न पडले की फाईल थांबते. इंग्रजीत लिहा. कुणी वाचत नाही, सही करून पुढे पाठवतात."

"मग फळी कशी मिळणार?"

"न वाचल्यामुळेच," हेडसाहेब म्हणाले. चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे मी काय बोलणार?

आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्या पिढीचं इंग्रजीशी नातंच तसं आहे. लहानपणी आमच्या घरी इंग्रजी फक्त तारेतून येई. तारवाला दारात दिसला की आई आधी रडायला बसायची, मग शेजारच्या मास्तरांना बोलावून तार वाचून घेतली जायची. एकदा मामाला नोकरी लागल्याची तार आली होती. मास्तरांनी अर्थ सांगेपर्यंत आईनं मामासाठी पुरेसं रडून घेतलं होतं. पुढे मी टायपिस्ट झाले आणि एका मोठ्या कचेरीत तेहतीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली. 'आय बेग टु स्टेट', 'युअर्स ओबिडियंटली', 'डू द नीडफुल' ही वाक्यं माझ्या बोटांतून इतक्या वेळा गेली आहेत की डोक्याकडे जाण्याचा रस्ताच ती विसरली. साहेब म्हणायचे, बाईंच्या कागदावर चूक दाखवा आणि बक्षीस घ्या. कुणालाच कधी बक्षीस मिळालं नाही. माझ्या वेगाचं गुपित एकच होतं: टायपिस्टनं वाचायचं नसतं. वाचायला लागलं की बोटं अडखळतात.

थोडक्यात, पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेल्या कपबशा असतात, तशी आमच्याकडे इंग्रजी. पुसून ठेवायची, कुणी मोठं आलं की काढायची, आणि तोपर्यंत फुटू नये म्हणून जपायची.

नेमके त्याच दिवसांत घरात असे एक गृहस्थ मुक्कामाला होते, जे रोजचा चहा त्याच कपांतून पितात. म्हणजे माझे जावई. माझी लेक परदेशात शिकायला गेली आणि तिनं तिथलाच नवरा केला. दोघं सुट्टीला आली होती. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा. त्यांची आई त्यांना इंग्रजीत रागावते. गेल्या दोन वर्षांत ते लेकीकडून आपली भाषा शिकले, पण लेक मला 'तू' म्हणते, म्हणून तेही मला 'तू'च म्हणतात. मला, ह्यांना आणि हेडसाहेबांनाही. पहिल्या भेटीत ते हेडसाहेबांना वाकून म्हणाले, "तू बस. तू दमलास." हेडसाहेबांना 'तू' म्हणणारं माणूस जगात उरलेलं नव्हतं. ते सांगितल्याबरोबर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत मसुदा समिती बसली. हेडसाहेब एक फुगलेली फाईल घेऊन आले. तळमजल्यावरच्या कॉलेजबाई आल्या. त्यांनी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे आणि आजही दूधवाल्याच्या चिठ्ठीतले स्वल्पविराम त्या तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत देतात.

"मसुदा कधी कोरा लिहायचा नसतो," हेडसाहेबांनी फाईलची दोरी सोडत सांगितलं. "मागचा काढायचा. तारीख बदलायची, नाव बदलायचं. सिद्ध झालेली वाक्यं असतात, वहिनी. त्यांना हात लावायचा नसतो." त्यांनी फाईलमधून एक पिवळा कागद काढला. त्यांचंच जुनं पत्र, बस कचेरीलाच लिहिलेलं, याच स्टॉपबद्दल. याहून चांगलं काय हवं? वरच्या परिच्छेदात त्यांनी बाक घातला, फळी घातली, माझं वय आणि माझे गुडघे घातले. माझ्या गुडघ्यांना इंग्रजीत एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. खालचे तीन परिच्छेद तसेच ठेवले. "यांची लय बिघडवायची नाही."

कॉलेजबाईंनी चष्मा लावून कागद डोळ्यांजवळ धरला. चार स्वल्पविराम काढले, तीन नवे घातले आणि निःश्वास टाकला. "काय गद्य आहे! आता असं कुणी लिहीत नाही."

"खरंच कुणी लिहीत नाही," मागून कागद वाचणारे जावईबापू इंग्रजीत म्हणाले. लेक अर्थ सांगत होती. "तो म्हणतोय, त्यांच्याकडे 'किंडली' कुणी म्हणालं की समजायचं, आता भांडण होणार. आणि 'आय बेग' म्हणायला माणूस निदान गुडघ्यावर तरी बसलेला हवा."

"म्हणजे हिच्या गुडघ्यांना तेही जमणार नाही," हे वर्तमानपत्राआडून म्हणाले. यांना मसुद्यात रस नव्हता, पण माझ्या गुडघ्यांवर बोलायची संधी ते सोडत नाहीत.

जावईबापूंनी कागद हातात घेतला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. कपाळावर आठ्या आल्या. मग ते लेकीच्या कानात काहीतरी म्हणाले. लेक गोंधळली. "आई, हा विचारतोय, तुला नक्की काय हवंय?"

"फळी! किती वेळा सांगू?"

"हा म्हणतोय, यात फळीचं एकदाच आलंय. पुढे स्टॉप काढून टाका असं लिहिलंय."

हेडसाहेबांनी कॉलेजबाईंकडे बघितलं, कॉलेजबाईंनी हेडसाहेबांकडे, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी दया उमटली.

"जावईबापूंना म्हणावं, हे कचेरीचं इंग्रजी आहे," हेडसाहेब समजुतीनं म्हणाले. "घरात बोलायचं वेगळं."

"मातृभाषा असली की असंच होतं," कॉलेजबाई म्हणाल्या. "पाया कच्चा राहतो. विचार त्यांना, प्रेझेंट परफेक्ट कधी वापरतात?"

लेकीनं विचारलं. जावईबापूंनी प्रामाणिकपणे छताकडे बघून विचार केला. मग आपल्या भाषेत म्हणाले, "जेव्हा बरं वाटतं, तेव्हा."

कॉलेजबाईंनी माझ्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या स्पर्शात, अशा माणसाशी आयुष्य काढायचं म्हणजे सोपं नाही, असं सगळं होतं. तरी जावईबापूंनी धीर सोडला नाही. एका कागदावर त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. स्टॉपवरचा बाक मोडला आहे. कृपया नवी फळी बसवा. आभारी आहे.

"एवढंच?" हेडसाहेबांनी तो कागद चिमटीत धरला. "हे म्हणजे इस्त्रीवाल्याला लिहिल्यासारखं झालं."

लेक म्हणाली, "आई, तू तरी एकदा नीट वाच ना."

"मला वाचायचं नाहीये, टाइप करायचंय," मी म्हणाले. हे वाक्य मी विसरू शकत नाही. आजही भाजी निवडताना मध्येच आठवतं आणि मी उगाचच देठ जोरात मोडते.

कचेरीनं मोडीत काढलेला माझा टाइपरायटर मी घरी आणून ठेवला होता. त्यावरचं कापड काढलं, नवी रिबीन घातली आणि तीन प्रती काढल्या. एकही चूक नाही, एकही खाडाखोड नाही. समास दोन्ही बाजूंनी पट्टीनं आखल्यासारखा. बोटं अशी धावली की मला पुन्हा तिशीत गेल्यासारखं वाटलं. हेडसाहेबांनी प्रत उजेडाकडे धरून बघितली. इमारतीतल्या तेवीस बिऱ्हाडांनी सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही, पण सगळ्यांनी "वा!" म्हटलं. जावईबापूंना सही मागितली तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "तू माफ कर, आई." मला ते जरा लागलंच. घरचा जावई आणि सही करत नाही!

अर्ज कचेरीत गेला. आवक खिडकीवरच्या बाईंनी तो हातात तोलला, आपल्या शेजारणीला दाखवला आणि माझ्याकडे आदरानं बघून विचारलं, "पुलासाठी आहे का हो?" मी "फळीसाठी" म्हटलं तर त्यांना विनोद वाटला.

पुढे मात्र जे झालं त्यानं आम्ही सगळेच थक्क झालो. सहाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, कचेरीची गाडी दारात! तिघं माणसं, हत्यारं, दोरखंड. इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. हेडसाहेब वरून म्हणाले, "बघितलंत, वहिनी? इंग्रजी!" मी त्या माणसांना थंड पाणी पाठवलं. त्यांनी बाक उचलून गाडीत घातला. दुरुस्तीला नेत असतील. मग एकजण खांबाला हलवू लागला.

"खांबाला काय झालंय?" मी खाली जाऊन विचारलं.

"काही नाही. चांगला आहे."

"मग काढताय कशाला?"

मुकादमानं खिशातून हुकूम काढला. "अर्जदाराच्या विनंतीनुसार स्टॉप कायमचा बंद. अर्जदार तुम्हीच ना? पाण्याबद्दल आभारी आहे, आजी." असं म्हणून त्यांनी खांब मुळासकट उपटला आणि गाडी गेली. रस्त्यावर फक्त एक खड्डा उरला.

मी वर आले. चष्मा लावला. आणि माझ्याच हातानं टाइप केलेला अर्ज आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पहिल्या परिच्छेदात माझे गुडघे होते. दुसऱ्यात प्रवाशांचा गोंगाट, तिसऱ्यात रहिवाशांच्या विश्रांतीचा भंग, आणि चौथ्यात, अतिशय लयदार वाक्यात, सदर स्टॉप लोकहितास्तव तत्काळ आणि कायमचा काढून टाकावा अशी प्रार्थना. तीस वर्षांपूर्वी हेडसाहेबांची धाकटी मुलगी तान्ही होती आणि बसच्या आवाजानं झोपत नसे. तेव्हाचं ते पत्र. त्यावेळी कचेरीनं त्याला उत्तरही दिलं नव्हतं.

हेडसाहेब आले, कागद बघितला, मटकन खाली बसले. चेहरा उतरला. पण मी शपथेवर सांगते, अगदी क्षणभर, त्यांच्या डोळ्यांत समाधान चमकून गेलं. "म्हणजे... मंजूर झालं?" ते पुटपुटले. "मसुद्यात दम होता, वहिनी."

"हेडसाहेब, तुमची मुलगी आता दोन मुलांची आई आहे!"

मी तुला सांगितलं होतं, असं जावईबापू एकदा तरी म्हणाले असते तर मला त्यांच्यावर चिडता आलं असतं. ते नुसते उठले आणि माझ्यासाठी चहा करायला गेले. अशा माणसाचं काय करावं?

त्या दुपारी बस आली. मी सवयीनं खड्ड्याशेजारी उभी होते. कंडक्टरनं मला बघितलं, दोन्ही हात वर केले, आणि बस माझ्यासमोरून निघून गेली. पुढचा स्टॉप चढावाच्या पलीकडे. जावईबापूंनी कोपराला धरलं आणि मी चालत निघाले. चार ठिकाणी कुंपणाच्या भिंतींवर बसले. ताईकडे पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते.

"आलीस? वाटेत लग्न लागलं का कुणाचं?" ताईचं स्वागत. मी खडू शोधेपर्यंत तिची आणखी तीन वाक्यं झाली. "माझं वय शहाऐंशी. दीड तास म्हणजे माझ्या हिशेबात दीड महिना." मी पाटीवर लिहिलं, स्टॉप काढला. तिनं वाचलं. "कोणी मूर्खानं?" मी पाटी पुसली. लिहिलं, सरकारनं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. सरकारची तशी काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी तीन दिवस पाय खाली टेकवायचा नाही आणि चढाव यापुढे कधीच नाही, असं सांगितलं. एखाद्या वेळी टॅक्सी ठीक, पण रोज दोन वेळा टॅक्सी करायला मी काही मंत्री नव्हे. पलंगावर पडल्या पडल्या मी हिशेब करू लागले की आठवड्यातून एकदा गेलं तर ताईच्या वाट्याला वर्षातले किती दिवस येतील, आणि मग तो हिशेब सोडून दिला. ताईची देखभाल करणाऱ्या बाईंना लेकीनं फोन केला. त्यांनी ताईला लिहून दाखवलं आणि निरोप दिला, "म्हणतात, बरं झालं, दुपारची झोप तरी मिळेल." त्या तीन दिवसांत कॉलेजबाई रोज चारला येऊन माझ्याशी बोलत बसल्या. चांगल्या बाई आहेत. पण त्यांच्याशी भांडताच येत नाही. त्या लगेच मान्य करतात.

सोमवारी मी आणि जावईबापू टॅक्सीनं कचेरीत गेलो. हेडसाहेबांना मागे ठेवायला थोडी युक्ती करावी लागली. त्यांनी अर्ज मागे घेण्याचा साडेचार पानी इंग्रजी मसुदा तयार केला होता, आणि तोही कुठल्यातरी जुन्या पत्रावरूनच. आम्ही त्यांना तीनची वेळ सांगितली आणि दुपारी बारालाच निघालो.

जावईबापू दारातून आत शिरले आणि कचेरीत धावपळ उडाली. इंग्रजीवाला आला! एका कारकुनाला एकदम भूक लागली, दुसऱ्यानं फोन कानाला लावला, तिसरा टेबलाखाली पेन शोधू लागला. अखेर आतून अधिकारी स्वतः आले. शर्टाचं वरचं बटण लावत, घसा साफ करत. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला माझी आई आणि तारवाला आठवला. त्यांनी इंग्रजीत एक वाक्य सुरू केलं. ते मध्येच संपलं.

जावईबापूंनी हात जोडले. "साहेब, तू कसा आहेस? तू घाबरू नको. माझी सासू बस पाहिजे."

आधी टेबलाखालचा कारकून हसला. मग सगळी कचेरी हसली. साहेबांनी बटण पुन्हा उघडलं, खुर्ची पुढे केली आणि मला म्हणाले, "बसा, बाई. काय झालंय?"

मी सांगितलं. त्यांनी माझा अर्ज मागवला आणि कौतुकानं त्यावरून हात फिरवला. "टायपिंग कुणाचं?"

"माझंच."

"माझ्या नोकरीत इतका स्वच्छ अर्ज आलेला नाही. मी सगळ्यांना दाखवला. म्हणून तर त्याच दिवशी मंजूर केला." ही आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि ती घेताना मला रडू येत होतं.

"पण आता अवघड आहे," ते म्हणाले. "नवा स्टॉप म्हणजे आधी पाहणी, मग प्रस्ताव, मग समिती. वर्ष जाईल."

"माझी बहीण शहाऐंशी वर्षांची आहे," मी म्हणाले.

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्हाला काय हवंय ते लिहून द्या. तुमच्या शब्दांत."

पेन हातात घेतलं आणि माझं डोकं रिकामं झालं. विनंतीपूर्वक, सविनय, उपरोक्त, असलं काय काय मनात आलं. तीनदा सुरुवात केली, तीनदा खोडली. तेहतीस वर्षांत न केलेली खाडाखोड पाच मिनिटांत! मग वाटलं, हा कागद नव्हेच, ताईची पाटी आहे. तिथे जागा कमी असते आणि ताईला धीर नसतो. मी लिहिलं: 'माझी मोठी बहीण सातव्या स्टॉपवर राहते. तिला ऐकू येत नाही. मी रोज चारला जाते. चढाव मला चढवत नाही. स्टॉप होता तिथे परत लावा. आधीचा अर्ज न वाचता दिला, चूक माझी.' खाली सही केली.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "ऐकू येत नाही, मग तुम्ही जाऊन करता काय?"

"भांडतो."

"कशावरून?"

कंपासपेटीची सगळी हकिगत सांगावी लागली. कारकून खुर्च्या घेऊन जवळ आले. दोघांनी माझी बाजू घेतली, आवक खिडकीवरच्या बाईंनी ताईची. हेडसाहेब म्हणाले होते तसे प्रश्न पडले खरे, पण फाईल काही थांबली नाही. साहेबांनी नोंदवही काढली, बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि म्हणाले, "बाई, खांबाचा खड्डा बुजवलाय का?"

"नाही हो. न्हाव्यानं त्यात माणूस पडू नये म्हणून पिंप उभं करून ठेवलंय."

साहेबांचा चेहरा उजळला. खड्डा बुजवायचं काम रस्ते खात्याचं. त्यांना पत्र जायचं होतं, आणि ते अजून गेलंच नव्हतं. "खड्डा उघडा आहे म्हणजे काम पूर्ण नाही. काम पूर्ण नाही म्हणजे स्टॉप बंद नाही. खांब नुसता दुरुस्तीला आणलाय." त्यांनी तसं वहीत लिहून टाकलं. सरकारी दिरंगाईला मी जन्मभर नावं ठेवत आले. त्या दिवशी तिला मनातल्या मनात हात जोडले. छातीवरचा दगड उतरला, आणि मी जावईबापूंच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या अनोळखी कचेरीत चक्क ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, नकार मिळाला. ते साहेबांना म्हणाले, "तू वाईट आहेस." समजूत घालायला दहा मिनिटं लागली.

बुधवारी सकाळी खांब आला. त्याच खड्ड्यात बसला. बाकही आला, दोन फळ्यांचा होता तसाच, फक्त हिरवा रंग लावून. रंग ओला होता हे हेडसाहेबांना बसल्यावर कळलं. मला तेवढंसं वाईट वाटलं नाही. कॉलेजबाईंनी जावईबापूंना गाठून हळूच विचारलं, "तुमच्याकडे 'किंडली'ऐवजी मग काय म्हणतात?"

"प्लीज," ते म्हणाले.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी तांबड्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

दुपारी साडेतीनला मी स्टॉपवर उभी होते. बस लवकर आली. कंडक्टरनं आवाज दिला, "चला आजी, सावकाश!" आणि मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा इतकं हलकं वाटलं की तिकीट घ्यायचं विसरले.

ताईच्या खोलीत शिरले तर ती रस्त्याकडच्या खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसलेली. आवाज तिला येत नाही, पण मी आल्याचं तिला कसं कोण जाणे कळतं. "आलीस का?" ती न वळता म्हणाली. "मी काही वाट बघत नव्हते. चांगली झोप लागत होती दुपारची."

मी पाटी आणि खडू घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. ताईच्या नाकावर लांबचं बघायचा चष्मा होता. त्या एवढ्याशा खोलीत लांबचं बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी पाटीवर काही लिहिलं नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, जवळचा चढवला आणि म्हणाली, "हं. आता सांग, कंपासपेटी कुठे टाकलीस?"